रकाना रिकामा ठेवा, नमुना जपा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या काजूच्या बागेत मुंगीसारखा दिसणारा कोळी सापडला, तर तो कोणत्या जातीचा हे नुसत्या फोटोवरून बहुतेक वेळा सांगता येत नाही. ज्यांनी या कोळ्यांपायी आयुष्य घातलं ते अभ्यासकही फोटो बघून फार तर वंशापर्यंत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटापर्यंत, येतात आणि थांबतात. तरीही आपल्याकडे तयार होणाऱ्या जैवविविधतेच्या याद्यांत त्याच्यापुढे पूर्ण शास्त्रीय नाव लिहिलं जातं, कारण रकाना भरायचा असतो. माझं म्हणणं या रकान्याबद्दल आहे. तो रिकामा ठेवायची मुभा पाहिजे, आणि त्याच्या बदल्यात कोळी स्वतः, म्हणजे त्याचा नमुना, बेळगावातच नीट जपून ठेवला गेला पाहिजे.

२००२ चा जैविक विविधता कायदा आणि त्याखालचे नियम यांनी प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेला जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायला सांगितलं, आणि लोक जैवविविधता नोंदवही तयार करणं हे त्या समितीचं मुख्य काम ठरवलं. कल्पना मुळात फार चांगली. माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात ती पुढे आणली, तेव्हा गावातल्या माणसाला जे ठाऊक आहे ते कागदावर यावं हा हेतू होता. मग बरीच वर्षं काम रेंगाळलं. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि ती चुकवणाऱ्या राज्याला महिन्याला दहा लाख रुपये भरावे लागतील असं बजावलं. त्यानंतर देशभर नोंदवह्यांचा धडाका सुरू झाला. दंडाच्या भीतीने झालेल्या कामाला एक खोट हमखास असते. पानं भरलेली दिसतात, आणि ती कशाने भरली हे कुणी विचारत नाही.

आमच्याकडच्या एका नोंदवहीसाठी कोळ्यांची पानं मी तपासून दिली होती. मुंगीसारख्या कोळ्यापुढे ‘जात ठरलेली नाही’ असं लिहिलं होतं. संकलन करणारा मुलगा कष्टाळू होता, प्रामाणिक होता. तो म्हणाला, “सर, रिकामं ठेवलं तर वरून परत येतंय ओ. कायतरी एक घाला की.” शेवटी मोबाइलवरच्या अ‍ॅपने जे पहिलं नाव सुचवलं ते त्या रकान्यात गेलं. त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. ज्या तक्त्यात अज्ञानाला जागाच ठेवलेली नाही, तो तक्ता माणसाला खोटं लिहायला लावतो.

आता कोळ्याकडे येऊ. काजूच्या, आंब्याच्या झाडावर पानं शिवून घर करणाऱ्या तांबड्या मुंग्या सगळ्यांना माहीत आहेत, कोकणात त्यांना ओंबील म्हणतात. त्यांच्या रांगेपासून वीतभर लांब एखादी मुंगी एकटीच फिरताना दिसते. ती चार पावलं चालते, थबकते, पुन्हा चालते. तिच्या डोक्यापुढे दोन मिशा थरथरत असतात. नीट बघितलं की त्या मिशा नव्हेत, पुढचे दोन पाय आहेत हे कळतं. ते उचलून धरल्यामुळे जमिनीवर सहाच पाय उरतात, मुंगीसारखे. मुंगीच्या शरीराचे तीन भाग असतात, कोळ्याचे दोन. पण या कोळ्याच्या पुढच्या भागाला मधोमध आवळून एक खाच पडलेली असते, त्यामुळे डोकं वेगळं आणि छाती वेगळी वाटते. त्याच्या मागची कंबर लांबट आणि बारीक. बोट जवळ नेलं की मुंगी चावायला येते, हा पळून पानाच्या पाठीमागे जातो, आणि फारच झालं तर धाग्यावर लोंबकळत खाली उतरतो. भिंग लावून समोरून बघितलं की दोन मोठे गोल डोळे आपल्याकडे रोखलेले दिसतात. तिथे मात्र संशय राहत नाही, हा उडी मारणाऱ्या कोळ्यांच्या कुलातला आहे.

नराचं रूप आणखी वेगळं. त्याचे जबडे पुढे इतके लांब वाढलेले असतात की तोंडात दुसरी मुंगी धरून चाललेली मुंगीच वाटावी. झिमेना नेल्सन आणि रॉबर्ट जॅक्सन या कोळ्यांच्या अभ्यासकांनी २००६ मध्ये प्रयोगांनी दाखवलं की मुंग्यांना टाळणारे शिकारी या नरालाही टाळतात. पण जे कोळी मुंग्याच खातात, त्यांना तोंडात ओझं असलेली मुंगी सोपी शिकार वाटते, आणि ते या नरावर चालून जातात. तांबड्या मुंगीची नक्कल करणाऱ्या जातीत तर नराच्या विषदंतात विष वाहून नेणारी नळीच नसते, भक्ष्याला तो नुसता भोसकतो. एकाच जातीच्या नर-मादीत एवढा फरक असेल, तर दोघांना वेगवेगळ्या बाटलीत बघून दोन जाती वाटणं अगदी साहजिक आहे.

कणकुंबीकडच्या एका बागेत बोंडं वेचणाऱ्या मावशींना मी असा एक कोळी काचेच्या बाटलीत दाखवला. “मुंगीच की ओ ती, सर. त्यात काय बघायचं?” बाटली तिरकी केली तसा तो धागा सोडून लोंबकळला. “अय्या, कोळी हाय की हा!” मग त्यांनीच सांगितलं, पाऊस सरल्यावर पानाच्या पाठीला पांढरं पातळ घर दिसतं, त्यात ‘मुंगी’ एकटीच बसलेली असते, आणि मुंगी कधी एकटी घर करत नाही म्हणून आम्हाला नवल वाटायचं. हे निरीक्षण पक्कं आहे. ते रेशमी घर या कोळ्याचंच, आणि जात ठरवायला त्याचाही उपयोग होतो. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या रेनी बोर्जेस आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात असं दिसलं की एकाच परिसरात राहणाऱ्या मुंगीसदृश कोळ्यांचे नर आपल्या जातीच्या मादीच्या घराचं रेशीम आणि परक्या जातीच्या मादीचं रेशीम यांत फरक करतात. जातीची सीमा कुठे आहे हे कोळ्यांना रेशमावरून समजतं. आपण मात्र ती वरून काढलेल्या फोटोत शोधतो. नोंदवहीत मावशींच्या या निरीक्षणाला रकाना नाही.

वर्गीकरण कशामुळे अडतं ते थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ‘तज्ज्ञांना विचारा, ते सांगतील’ ही समजूत फार पसरली आहे. कोळ्यांच्या बहुतेक गटांत जात ओळखायची शेवटची कसोटी म्हणजे जननेंद्रियांची रचना. नराच्या तोंडाजवळच्या स्पर्शपादाच्या टोकाशी आणि मादीच्या पोटाखाली ती असते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिचा आकार एखाद्या किल्लीसारखा जातीजातीत निराळा दिसतो. मुंगीसदृश कोळ्यांचा सर्वांत मोठा वंश मिर्माराक्नी. त्याच्या नरांचे स्पर्शपाद एकमेकांसारखेच असतात, गोल गड्डा आणि त्याभोवती वेटोळी घातलेली नळी. मादीच्या रचनेत फरक जास्त सापडतो, पण त्यासाठी तो भाग काढून, साफ करून, आतल्या नळ्यांची वळणं पाहावी लागतात. नराचे लांब जबडे सर्वांत ठळक, पण त्यांची लांबी त्या एका नराच्या वाढीवर अवलंबून असते. भरपूर खायला मिळालेल्या नराचे जबडे लांब, उपाशी राहिलेल्याचे आखूड, जात एकच. रंगावर जावं तर एका जातीत काळे, तांबूस, दोन रंगी असे प्रकार निघतात, आणि अल्कोहोलमध्ये ठेवल्यावर रंग फिका पडतो तो वेगळाच. पिल्लांची गोष्ट तर आणखी बिकट. लहानपणी ती एका लहान काळ्या मुंगीसारखी दिसतात, कात टाकत मोठी होताना दुसऱ्या मोठ्या मुंगीसारखी. पिल्लावरून जात सांगणारा माणूस अंदाज करत असतो.

या सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे. मुंगीसारखं दिसणं हा नात्याचा पुरावा नाही. पक्षी, गांधीलमाश्या, प्रार्थना-कीटक (मँटिस) यांच्यापासून जीव वाचवायला मुंगीचं रूप उपयोगी पडतं, म्हणून कोळ्यांच्या वेगवेगळ्या घराण्यांनी ते वेगवेगळ्या वेळी, स्वतंत्रपणे घेतलं आहे. उडी मारणाऱ्या कोळ्यांच्या एका कुलातही ते अनेकदा घडलं आहे. अमेरिकेतला सिनेमोसिना आणि आपल्याकडचा मिर्माराक्नी शेजारी ठेवले तर भाऊ वाटतील, पण त्यांच्या शाखा फार आधी फुटलेल्या आहेत. आपल्याच काजूच्या झाडावर अमायसिया फोर्टिसेप्स नावाचा खेकडा-कोळ्यांच्या कुलातला कोळी तांबड्या मुंगीची नक्कल करतो. त्याच्या पोटाच्या मागच्या टोकाला दोन काळे ठिपके असतात, ते मुंगीच्या डोळ्यांसारखे दिसतात. तो तांबड्या मुंग्यांची शिकार करून जगतो. म्हणजे एका फांदीवर एकाच मुंगीच्या रूपात दोन निराळ्या कुलांतले कोळी, एक मुंग्यांना टाळणारा आणि एक त्यांच्यावरच जगणारा. यादीत दोघंही ‘मुंगी-कोळी’ म्हणून एका ओळीत आले तर त्या यादीतून बागायतदाराला, वनखात्याला, कुणालाच काही कळणार नाही.

नावांचा इतिहासही गुंतागुंतीचा आहे, आणि त्यात आपला भाग मोठा आहे. मिर्माराक्नी हा वंश मॅक्लेने १८३९ मध्ये बंगालमधल्या कोळ्यावरून उभा केला. १९१५ मध्ये के. नारायण यांनी कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधल्या संग्रहातले मुंगीसदृश कोळी तपासून अनेक जातींची वर्णनं केली, त्यात साताऱ्याच्या नावाची सातारेन्सिस आहे. १९७३ मध्ये बिनय कृष्ण टिकादर यांनी आणखी काही जाती वर्णिल्या, त्यात पुण्याच्या नावाची पूनाएन्सिस आणि मराठा नावाची एक आहे. भारतीय कोळ्यांसाठी टिकादरांनी जेवढं केलं तेवढं क्वचितच कुणी केलं असेल, त्याबद्दल मला नितांत आदर आहे. पण त्या काळची वर्णनं छोटी, चित्रं मोजकी. जगभरातल्या या वंशाच्या कितीतरी जाती अशा आहेत की त्यांचा फक्त नर माहीत आहे किंवा फक्त मादी. आज कुणाला जांबोटीच्या रानातली मादी सापडली, आणि जुन्या वर्णनात नरच असेल, तर दोघांची गाठ घालायची कशी? मूळ नमुना काढून समोर ठेवावा लागतो, त्याच भागातून दोन्ही लिंगांचे नवे नमुने गोळा करावे लागतात. हे काम वर्षानुवर्षांचं आहे. अ‍ॅपकडून ते होणार नाही.

त्यात गेल्या दशकात या वंशाची फेररचना झाली. पोलंडचे येझी प्रुशिन्स्की यांनी २०१६ मध्ये मिर्माराक्नीचे तुकडे केले. काही जुनी बाजूला पडलेली वंशनावं पुन्हा उभी केली, काही नवी दिली. आपल्या तांबड्या मुंगीची नक्कल करणारा कोळी १८६९ मध्ये श्रीलंकेतून साल्टिकस प्लाटालेऑइडिस म्हणून वर्णिला गेला होता. पुढे तो मिर्माराक्नी प्लाटालेऑइडिस झाला आणि २०१६ पासून मिर्माप्लाटा प्लाटालेऑइडिस. आता विचार करा. एका गावाच्या यादीत जुनं नाव, शेजारच्या गावाच्या यादीत नवं. संगणकाने बेरीज केली की एका कोळ्याचे दोन होतात, आणि तालुक्याची जैवविविधता कागदावर वाढते. ही चूक टाळायची तर नाव कोणत्या सूचीप्रमाणे आणि कोणत्या तारखेला लिहिलं, हे शेजारी नोंदवलं पाहिजे. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या संग्रहालयातून चालणारी वर्ल्ड स्पायडर कॅटलॉग ही सूची सगळ्यांना मोफत खुली आहे आणि सतत सुधारली जाते. नोंदवहीच्या तक्त्यात एवढी एक ओळ वाढवायला खर्च येत नाही.

प्रुशिन्स्कींचं पाऊल बरोबर की चूक, यावर अभ्यासकांत मोठा वाद झाला, आणि तो आपल्या प्रश्नाला थेट लागू आहे. २०१७ मध्ये त्यांनी जगातल्या सगळ्या उडी मारणाऱ्या कोळ्यांचं ‘व्यावहारिक’ वर्गीकरण मांडलं. चित्र बघून ओळख पटवता आली पाहिजे, वंशावळीची गणितं सामान्य अभ्यासकाच्या उपयोगाची नाहीत, असा त्यांचा आग्रह होता. दुसऱ्या बाजूला कॅनडाचे वेन मॅडिसन. त्यांनी २०१५ मध्ये याच कुलाचं वर्गीकरण डीएनए आणि शरीररचना दोन्ही बघून, कोण कुणापासून फुटलं या आधारावर मांडलं होतं. २०१९ मध्ये बर्नच्या ख्रिश्चन क्रॉप्फ यांच्यासह अनेकांनी मिळून प्रुशिन्स्कींच्या पद्धतीवर सडकून टीका केली. नवे गट करताना लक्षणं स्पष्ट सांगितलेली नाहीत आणि तपासता येईल असा आधार दिलेला नाही, हा तिचा गाभा. माझा कौल मॅडिसन यांच्या बाजूने आहे. दिसण्यावरून गट करायचा मोह मुंगीसदृश कोळ्यांत सर्वांत धोक्याचा, कारण इथे निसर्गानेच दिसणं आणि नातं यांची फारकत केली आहे. पण प्रुशिन्स्कींनी जगभरातली हजारो चित्रं एकत्र आणून सगळ्यांना मोफत उपलब्ध केली, हे ऋण मानायला हवं. बेळगावसारख्या ठिकाणी, जिथे मोठं ग्रंथालय नाही, तिथे त्या चित्रांशिवाय पहिलं पाऊलही टाकता येत नाही. वाद केवढाही असो, माणसं एकमेकांचं काम ओळखून होती. मॅडिसन यांनी २०१४ मध्ये एका वंशाला प्रुशिन्स्कींच्या पहिल्या नावावरून येझेगो असं नाव दिलं. त्याच वंशातली एक जात पुढे मुंबईच्या आरे वसाहतीत सापडली आणि २०१७ मध्ये तिला वनाधिकारी सुनील लिमये यांचं नाव मिळालं. आरेतली जात नवी आहे हे ठामपणे म्हणता आलं ते नमुने गोळा करून, जपून, मापं घेऊन आणि चित्रं काढून. २०२१ मध्ये ठाणे-कल्याणच्या कोळ्याला तुकाराम ओंबळे यांच्या नावावरून इसियस तुकारामी म्हटलं गेलं, तेही असंच. बातमीत फोटो येतो, पण त्यामागे बाटलीतला नमुना असतो.

आता सीमाभागाचा खास प्रश्न. चोर्ला घाटात कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र एकमेकांना भिडतात. इकडे सुमारे १९० चौरस किलोमीटरचं भीमगड अभयारण्य, २०११ मध्ये घोषित झालेलं. उतारावर गोव्याचं म्हादई अभयारण्य. बाजूला महाराष्ट्राचं तिळारी संवर्धन राखीव क्षेत्र. रान एकच, पाऊस एकच, मुंग्याही त्याच. पण कोळी गोळा करायचा तर तीन राज्यांच्या वनखात्यांकडे तीन अर्ज, आणि प्रत्येकाची मुदत वेगळी. कुणाही एका महाविद्यालयाच्या प्राध्यापकाला हे झेपत नाही, म्हणून बहुतेकांचं काम आपल्या राज्याच्या हद्दीत संपतं. मग त्या हद्दीलाच जातीची हद्द मानलं जातं. याचा उपाय अवघड नाही. तिन्ही राज्यांच्या वनखात्यांनी संशोधनाच्या परवानग्यांसाठी एक अर्ज आणि एक मुदत ठरवावी. पाण्यावरून ही राज्यं न्यायाधिकरणापुढे भांडू शकतात, तर बोटभरही लांबी नसलेल्या कोळ्यासाठी एका कागदावर सही करायला हरकत नसावी.

नमुना जपला की काय होतं, याचं उत्तम उदाहरण आपल्याच तालुक्यात आहे. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेतल्या वटवाघळाची जात १९१३ मध्ये ओल्डफील्ड थॉमस यांनी लंडनमधल्या नमुन्यांवरून वर्णिली आणि तिला रॉटन यांचं नाव दिलं. रॉटन हे मुंबई इलाख्यातले वनाधिकारी, आणि मूळचे मुंग्यांचे अभ्यासक. १८९२ मध्ये त्यांनी आपल्याकडच्या मुंग्यांवर बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलं होतं. कित्येक दशकं हे वटवाघूळ जगात फक्त या गुहेतून माहीत होतं. पुढे ते कंबोडियात आणि मेघालयात सापडलं, तेव्हा ही तीच जात आहे असं म्हणता आलं, कारण पडताळायला मूळ नमुना होता. शंभरहून अधिक वर्षांपूर्वीचा नमुना लंडनला अजून शाबूत आहे. आणि इथे? आमच्या भागातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्राचे जुने विभागप्रमुख निवृत्त झाले, पुढच्या उन्हाळ्यात कपाट रिकामं केलं गेलं, बाटल्या धुऊन प्रयोगशाळेत वापरल्या गेल्या. चिठ्ठ्या बादलीत. त्यांत खानापूर, लोंढा, नागरगाळी या नावांच्या तीस-चाळीस वर्षांच्या नोंदी होत्या. ज्या जागी आज रस्ता आहे तिथे तेव्हा काय होतं, हे सांगणारा तो एकच पुरावा होता. हे आठवलं की अजून जीव तुटतो.

म्हणून बेळगावात एक संग्रह हवा. काचेच्या बाटल्या, लाकडी कपाटं, दमट पावसाळ्यात कोरडी राहील अशी खोली, अल्कोहोल उडत जातं ते वेळच्या वेळी भरणारा एक जबाबदार माणूस. रचना बघायची तर सत्तर टक्क्यांच्या आसपासचं अल्कोहोल, डीएनए काढायचा तर पंचाण्णवच्या पुढचं, आणि त्यासाठी अबकारी खात्याचा परवाना. तो मिळवतानाच बरेच प्राध्यापक नाद सोडतात, तिथे जिल्हा प्रशासनाने हात द्यावा. प्रत्येक बाटलीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी हवी, कारण शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. तिच्यावर गाव, तारीख, झाड, गोळा करणाऱ्याचं नाव, आणि या कोळ्यांच्या बाबतीत एक गोष्ट न चुकता, त्याच झाडावरची मुंगी. कोळी कोणाची नक्कल करतोय हे कळायला मुंगी बाटलीत असली पाहिजे. शक्य असेल तिथे रेशमी घरही. नवी जात सापडली तर तिचा नमुना मान्यताप्राप्त राष्ट्रीय संग्रहात ठेवायचं बंधन कायद्यातच आहे, ते पाळावंच. पण त्याच जागेतले जोडीचे नमुने इथे राहिले तर इथल्या विद्यार्थ्याला ते बघायला कोलकात्याचं तिकीट काढावं लागणार नाही.

यावर आक्षेप येतात, आणि ते हसण्यावारी न्यायचे नाहीत. पहिला, आणि माझ्या मते सर्वांत वजनदार, जीव मारण्याचा. या भागात जैन आणि वारकरी परंपरेची मुळं खोल आहेत, आणि अभ्यासासाठी का होईना, कोळी अल्कोहोलमध्ये घालायला विद्यार्थ्यांचा हात थरथरतो. तो थरथरायलाच हवा. म्हणून संग्रह मोजका असावा. एका जागेतून दोन्ही लिंगांचे थोडेच प्रौढ, पिल्लांना हात नाही, अंड्यांवर बसलेल्या मादीला तर नाहीच. पण काजूवर एकदा औषध फवारलं की त्या एका झाडावरचे सगळे कोळी मरतात, आणि कोणते मेले हे कुणालाच कळत नाही. ओळख नसलेल्या जीवाची बाजू घेता येत नाही.

दुसरा आक्षेप, डीएनए असताना ही खटपट कशाला? प्राण्यांच्या ओळखीसाठी वापरला जाणारा डीएनएचा तुकडा सुमारे ६५८ अक्षरांचा असतो, तो वाचायला आता सोपा झाला आहे हे खरं. पण तो कशाशी ताडून बघायचा? माहितीसाठ्यातल्या तुकड्यावर ज्याने नाव लिहिलं त्याने कोळी नीट ओळखला होता का, हे बघायला पुन्हा नमुनाच लागतो. चुकीच्या नावाचा तुकडा एकदा आत गेला की पुढचे सगळे त्याच्या मागे जातात. डीएनए हवाच, पण बाटलीच्या जोडीने.

तिसरा आक्षेप मला गावातच ऐकायला मिळतो. शेतीला भाव नाही, शाळेत मास्तर नाही, आणि तुम्ही कोळ्याच्या नावाचं काय घेऊन बसलाय, सर? रागावण्यासारखं यात काही नाही. पण २०१८ मध्ये चीनच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं की टॉक्सियस मॅग्नस हा मुंगीसदृश कोळी आपल्या पिल्लांना दूध पाजतो. त्या दुधात गाईच्या दुधाच्या जवळपास चौपट प्रथिनं असतात, आणि पहिले वीसेक दिवस पिल्लं त्याच्यावरच जगतात. हा कोळी पूर्वी मिर्माराक्नी या वंशातच गणला जायचा. आपल्या काजूवरचे त्याचे नातलग काय करतात? हा प्रश्न विचारायचा तर कोण कुणाचा नातलग हे आधी ठाऊक पाहिजे. खानापूरच्या मुलामुलींनी असा प्रश्न विचारायची योग्यता कमवावी, हे शेतीच्या भावाच्या आड येत नाही. उलट काजूवरच्या किडींचं कोण काय खातं हे समजणं बागायतदाराच्याच फायद्याचं आहे.

खरी अडचण माणसांची आहे. वर्गीकरण शिकवणारे प्राध्यापक निवृत्त होत चाललेत, त्यांच्या जागा भरल्या तर इतर विषयांसाठी भरल्या जातात. कोळी वेगळे करून, चित्रं काढून, जुनी वर्णनं वाचून एक शोधनिबंध लिहायला दोन-तीन वर्षं जातात, आणि बढतीच्या हिशेबात त्याला झटपट निबंधाएवढेच गुण. हा हिशेब विद्यापीठांना बदलावा लागेल. संग्रहाची जबाबदारी ज्याच्याकडे आहे त्या प्राध्यापकाचे तास कमी करावे लागतील. तोपर्यंत कपाटं घेतली तरी धूळच बसेल.

वरून आदेश येईपर्यंत थांबायची मात्र गरज नाही. नोंदवही ही पंचायतीच्या जैवविविधता समितीची असते, आणि ती वेळोवेळी दुरुस्त करायची असते. खानापूर तालुक्यातली कुठलीही समिती पुढच्या बैठकीत दोन ओळींचा ठराव करू शकते. फोटोवरून ठरलेली कोळ्यांची नावं खोडून तिथे ‘वंश मिर्माराक्नी किंवा त्याचे नातलग, जात ठरलेली नाही’ असं लिहायचं, आणि शेजारी कोणत्या झाडावर, कोणत्या मुंगीजवळ, कोणत्या महिन्यात दिसला ते भरायचं. पानाच्या पाठीमागच्या पांढऱ्या घराबद्दल मावशींनी सांगितलं ते त्यांच्या संमतीने, त्यांच्या नावानिशी तिथे यावं.